घरची दुरुस्ती : गोबरगॅसचा जुना कॉक

मार्गशीर्षातली गोष्ट. थोरल्या भावाकडे मुक्कामाला होतो. पहाटे चारच्या सुमारास स्वयंपाकघरातून ‘भप्प’ असा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींची हाक. धावत गेलो तो काय, आई भिंतीला टेकून उभी, हातात विझलेली काडी, आणि शेगडीच्या मागे भिंतीवर जो कॉक आहे त्याच्या दांड्यापाशी वीतभर निळी ज्योत फुरफुरत होती. दादाने तसेच अनवाणी गोठ्यामागे पळत जाऊन टाकीजवळचा मुख्य कॉक बंद केला, तेव्हा ती विझली. आईच्या भुवया आणि कपाळावरचे केस होरपळले, पदराची कड करपली. तेवढ्यावर निभावले.

निभावले याचे एक कारण सांगतो. त्या खोलीच्या खिडकीचे एक तावदान फुटलेले होते. थंडी आत येते म्हणून काच बसवा, असा धोशा वहिनींनी दसऱ्यापासून लावला होता आणि दादा आज-उद्या करीत होता. त्या भोकातून रात्रभर गॅस बाहेर जात राहिला. काच वेळेवर बसवली असती तर काय झाले असते याचा विचार त्या दिवशी घरात कोणीच मोठ्याने बोलून दाखवला नाही.

उजाडल्यावर कॉक पाहिला. दांड्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वर बारीक तार गुंडाळलेली होती. पट्टी वाळून तिला चिरा पडल्या होत्या. ही कारागिरी कोणाची, असे विचारण्याचे कारण नव्हते. तीन वर्षांमागे ती मीच केली होती. ‘आज रविवार, दुकान बंद, तूर्त एवढे करून ठेवतो, पुढल्या खेपेला नवा कॉक आणतो,’ असे म्हणालो होतो. पुढल्या खेपा आल्या आणि गेल्या.

वहिनी म्हणाल्या, “भावोजी, मी दिवाळीपासून सांगतेय वास येतो म्हणून. हे म्हणतात, शेणाचा गॅस आहे, त्याला काय अत्तराचा वास यायचा?”

दादा गप्प बसला. मीही बसलो. आणि आईचे म्हणाल तर तिने ऐंशी ओलांडली आहे, तिला गेली काही वर्षे वासच येत नाही. घरात सर्वांत आधी उठून काडी ओढणारी तीच. ही गोष्ट आम्हा दोघा भावांना ठाऊक होती. कॉकशी तिचा संबंध जोडण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

म्हणून या खेपेस ठरलेला विषय बाजूला ठेवून या कॉकबद्दलच लिहितो. कोणी त्याला चावी म्हणतात, कोणी वॉल म्हणतात. नाव काहीही असो, चारशे-पाचशे रुपयांची ही वस्तू दहा-पंधरा वर्षे कोणी बघत नाही.

आमचे संयंत्र वडिलांनी १९८३ साली बांधले. केंद्र सरकारची गोबरगॅसची राष्ट्रीय योजना १९८१-८२ मध्ये सुरू झाली होती, अनुदान मिळत होते, गावात चार-सहा जणांनी खड्डे खणले. त्यावेळचा नमुना खादी ग्रामोद्योग आयोगाचा, म्हणजे विटांची विहीर आणि तिच्यावर खालीवर होणारी लोखंडी टाकी. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ नावाचा विटांच्या घुमटाचा नमुना आला. त्यात लोखंडी टाकी नाही, गंज नाही, खर्च कमी, त्यामुळे पुढची बरीच संयंत्रे त्या पद्धतीची झाली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना निघाली, सिलिंडर वस्त्यावस्त्यांवर पोचले आणि कित्येक घरी शेण पुन्हा उकिरड्याकडे वळले. पण सिलिंडर भरायला पैसे मोजावे लागतात आणि शेण तर रोज पडतेच. त्यामुळे बंद पडलेली संयंत्रे पुन्हा चालू करणारी घरेही आहेत. आमचे त्यातलेच. पाच वर्षे बंद होते. मग विहीर उपसली, टाकी फायबरची बसवली, पण पाईप, कॉक आणि बिडाची शेगडी मात्र जुनीच ठेवली. ‘लोखंड आहे, त्याला काय होतंय,’ हे आमचे शहाणपण.

त्याला काय होते ते पाहू. गोबरगॅसमध्ये शंभरात साधारण ५५ ते ६० भाग जळणारा मिथेन असतो. उरलेला बहुतेक कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. तो जळत नाही. याखेरीज पाण्याची वाफ असते आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. हा वायू आणि ओल एकत्र आली की लोखंड खाल्ले जाते, पितळ काळे पडते, तांब्याची तर रयाच जाते. घरात गॅस गळतो आहे याची एक खूण वहिनींच्या देवघरात होती. चांदीची निरांजने आठवड्यात काळी पडत होती. आधी महिना-महिना टिकत. त्या रांगोळी लावून घासत राहिल्या आणि हल्लीची चांदीच वाईट म्हणत राहिल्या. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांनी देवाची भांडी आणि तांब्याचा हंडा यांच्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे.

वासाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा वास सतत येत राहिला की नाकाला त्याची सवय होते आणि थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो. घरातल्या माणसाला ‘कसला वास?’ असे वाटते आणि पाहुणा उंबऱ्यातच नाक मुरडतो. पाहुण्यावर विश्वास ठेवावा.

सगळी खोली गॅसने भरून स्फोट होईल का? त्याला बराच गॅस लागतो. हवेत मिथेनचे प्रमाण शंभरात ५ ते १५ भाग झाले की ठिणगीने पेट घेते. दहा बाय आठ फुटांची, नऊ फूट उंच खोली धरली तर तिच्यात सुमारे २० घनमीटर हवा मावते. ती सगळी त्या प्रमाणाला यायची तर दीड घनमीटरहून जास्त गोबरगॅस आत यावा लागेल. लहान संयंत्राची जवळजवळ अख्खी टाकी झाली. पण गॅस खोलीभर सारखा पसरतो असे थोडेच आहे? कॉकच्या आसपास, ओट्याच्या कोपऱ्यात, फडताळाखाली तो दाट असतो आणि काडी नेमकी तिथेच ओढली जाते. आईच्या बाबतीत तेच झाले.

गळती मोजण्याची एक बिनखर्ची रीत आहे. ज्यांच्याकडे खालीवर होणारी टाकी आहे त्यांनी रात्री सगळे आवरल्यावर टाकीजवळचा मुख्य कॉक बंद करावा आणि टाकीच्या अंगावर शेणकाल्याच्या पातळीपाशी खडूने रेघ मारावी. सकाळी शेगडी पेटवण्यापूर्वी टाकी किती वर आली ते बोटांनी नव्हे, पट्टीने मोजावे. दुसऱ्या रात्री हेच करावे, पण मुख्य कॉक उघडा ठेवून फक्त शेगडीचे कॉक बंद ठेवावेत. दोन्ही दिवस शेण-पाणी सारखेच घातलेले असावे. दुसऱ्या दिवशी टाकी स्पष्ट कमी वर आली तर मुख्य कॉकपासून शेगडीपर्यंत कुठेतरी गॅस जातो आहे. सव्वा मीटर व्यासाच्या टाकीत एक सेंटिमीटर उंची म्हणजे सुमारे १२ लिटर गॅस. आमच्याकडे फरक निघाला २० सेंटिमीटर. म्हणजे रात्रीत २४० लिटर. एक साधा बर्नर तासाला साडेचारशे लिटर गॅस घेतो. तेव्हा रोज अर्ध्या तासाची शेगडी हवेत जात होती आणि थंडीत गॅस पुरत नाही म्हणून आम्ही गाई-म्हशींना बोल लावीत होतो.

घुमटाच्या संयंत्राला ही युक्ती चालत नाही. तिथे पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून फळीला बांधावी, तिच्यात निम्म्यापर्यंत कुंकू घातलेले पाणी भरावे आणि एक टोक शेगडीच्या रबरी नळीला जोडावे. कॉक हळूहळू उघडला की एका पायातले पाणी खाली जाते, दुसऱ्यातले चढते. मग मुख्य कॉक बंद करून पाव तास बघत बसावे. पाणी जागच्या जागी राहिले तर मार्ग सुरक्षित. दोन्ही पाय सारखे होऊ लागले तर गळती आहे. नळीचे पाय मीटरभर तरी लांब ठेवावेत. घुमट भरलेला असला की दाब बराच असतो आणि आखूड नळीतले लाल पाणी थेट अंगावर येते. हे अनुभवाचे बोल आहेत, सदरा अजून तसाच आहे.

गळती आहे हे कळले की नेमकी जागा शोधायची. त्यासाठी रिठ्याचे किंवा साबणाचे दाट पाणी पुरते. जुन्या दाढीच्या ब्रशने प्रत्येक सांध्यावर, कॉकच्या दांड्याभोवती आणि रबरी नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावावा. फुगे आले ती जागा. काडी फिरवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, काडी गळती शोधत नाही, पेटवते.

आता कॉकविषयी. घरात साधारण तीन ठिकाणी कॉक असतात. एक संयंत्रापाशी, तो मुख्य. दुसरा स्वयंपाकघरात पाईप आत येतो तिथे भिंतीवर. तिसरे शेगडीचे स्वतःचे, ज्यांना आपण बटणे म्हणतो. तिघांचे दुखणे वेगळे आणि उपायही वेगळा.

शेगडीच्या जुन्या कॉकमध्ये पितळेचा निमुळता गट्टू असतो. गट्टूला आरपार भोक असते. ते पाईपच्या रेषेत आले की गॅस जातो, आडवे झाले की थांबतो. गट्टू आणि त्याचे घर यांच्यामध्ये वंगणाचा पातळ थर असतो, तोच गॅस अडवतो. वंगण वाळले की बटण जड होते. मग बायका त्यावर गोडेतेल नाहीतर खोबरेल सोडतात. दोन दिवस ते मऊ चालते. पुढे तेल उष्णतेने चिकट होऊन खळ बनते आणि बटण पूर्वीपेक्षा घट्ट बसते. मग पकडीने पिळतात, दांडा झिजतो आणि गळती सुरू होते. असा कॉक लगेच फेकू नये. खालचा आटा सोडून गट्टू आणि स्प्रिंग बाहेर काढावी, डिझेलमध्ये भिजवून फडक्याने स्वच्छ पुसावी आणि गट्टूवर ग्रॅफाइटचे ग्रीस अगदी पातळ लावावे. भोकात ग्रीस जाऊ देऊ नये. दोन बर्नरच्या शेगडीत एकाचा गट्टू दुसऱ्याच्या घरात बसवू नये. ते दिसायला जुळे असले तरी प्रत्येक गट्टू आपापल्या घरात घासून बसवलेला असतो. काढतानाच एकाला दोऱ्याची खूण बांधावी. पुसल्यावर गट्टूवर नखाला लागतील अशा उभ्या-आडव्या रेघा दिसल्या, तर मात्र ग्रीस लावण्यात वेळ घालवू नये. तो कॉक संपला.

नवा घेताना जुना नमुन्याला बरोबर न्यावा. तोंडी माप सांगू नये, कारण अर्ध्या इंचाचा म्हणून जो मिळतो त्याचे आटे जुळतीलच असे नाही. आणि इथे एक फसगत होते. दुकानात बहुधा सिलिंडरच्या शेगडीचे कॉक असतात. दुकानदार म्हणतो, गॅस तो गॅस, बसवा. त्या कॉकबरोबर जे जेट येते त्याचे भोक फार बारीक असते. सिलिंडरचा गॅस कसदार आणि जास्त दाबाचा. गोबरगॅस हलका आणि कमी दाबाचा. टाकीच्या संयंत्रात दाब जेमतेम सात ते दहा सेंटिमीटर पाण्याचा, सिलिंडरच्या रेग्युलेटरमागे तो तीस सेंटिमीटरच्या आसपास. कसाचे म्हणाल तर एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. तेव्हा बारीक जेटवर गोबरगॅसची ज्योत निरांजनाएवढी येते आणि आपण संयंत्राला नावे ठेवतो. याच्या उलट गोबरगॅसची शेगडी सिलिंडरला कधीही जोडू नये. मोठ्या भोकातून गॅस लोटतो आणि ज्योत फळीला जाऊन लागते. शेगडी नवीच घ्यायची असेल तर गोबरगॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकाचा क्रमांक ८७४९ आहे, तो तिच्यावर आहे का पाहावे. खिळ्याने किंवा सुईने जेटचे भोक मोठे करण्याच्या भानगडीत पडू नये. भोक वेडेवाकडे झाले की हवा नीट ओढली जात नाही आणि भांडी काळी होतात.

भिंतीवरचा कॉक आमच्याकडे बिडाचा, पाण्याच्या नळाला असतो तसा चाक फिरवण्याचा होता. त्या काळी तोच मिळे. पाण्याला तो ठीक, गॅसला नव्हे. त्याच्या दांड्याभोवतीचे भरण वाळते आणि तिथून गॅस झिरपतो. त्यातली फळी गंजून अर्धी राहिली तरी चाक आपले फिरत असते आणि आपल्याला वाटते कॉक बंद झाला. त्याऐवजी आता गोळीचा कॉक, म्हणजे बॉल वॉल घ्यावा. पितळी, जाड अंगाचा आणि गॅससाठी म्हणून बनवलेला. दांडी पाईपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. अंधारातही हाताने कळते. दुकानातच तो बंद करून तोंडाने फुंकून पाहावा. जरासुद्धा हवा पलीकडे जाता कामा नये.

बदलण्याचे काम दिवसाउजेडी करावे, सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर. आदल्या दिवशी जुन्या सांध्यावर गंज सोडवायचे तेल किंवा डिझेलचा बोळा ठेवावा, मात्र शेगडी पूर्ण थंड झाल्यावर. दुसऱ्या दिवशी संयंत्रापाशी मुख्य कॉक बंद करावा आणि तिथे घरातले एक जाणते माणूस उभे करावे. पोर नको. कोणी सहज येऊन कॉक उघडतो आणि आत आपण पाईप मोकळा करून बसलेलो असतो. मग शेगडी पेटवून पाईपमधला उरलेला गॅस जाळून टाकावा. ज्योत लहान होत होत आपोआप विझली म्हणजे पाईप रिकामा झाला. शेगडीचे कॉक बंद करून खिडक्या-दारे उघडावीत. शेजारची चूल, देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी सगळे विझवावे. विजेचे बटण चालू-बंद करू नये, त्याचीही ठिणगी असते. आमच्याकडे सगळे विझवले आणि वीज-बटणापाशी दादाचा नातू मोबाईल चार्जिंगला लावायला आला. त्याला वेळीच आवरले.

पाने दोन लागतात. एकाने पाईप घट्ट धरायचा, दुसऱ्याने कॉक फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला तर भिंतीतला पाईप फिरतो आणि आतल्या बाजूचा सांधा सैल होतो. मग बाहेरचे नीट झाले तरी भिंतीत गळती राहते आणि ती सापडता सापडत नाही. आटा सुटत नाही म्हणून हातोडा मारू नये, ग्राइंडर लावू नये, आणि तापवून सैल करण्याचा विचार तर मनातही आणू नये. पुन्हा डिझेल लावून अर्धा दिवस थांबावे. आमचा सांधा दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला. तोवर वहिनींनी परसात तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक केला आणि एकदाही काही बोलल्या नाहीत. त्यामुळे जास्तच लाज वाटली.

जुना कॉक निघाला की पाईपचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत आणि पाईपच्या तोंडात गंजाचे खवले असतील तर बाहेर काढावेत, आत ढकलू नयेत. ते पुढे जेटमध्ये जाऊन बसतात. मग आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. गॅससाठी जाड पिवळी मिळते. पाईपचे तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे कॉक ज्या दिशेने आवळला जाणार त्याच दिशेने, तीन-चार वेढे ताणून द्यावेत. उलट गुंडाळली तर आवळताना पट्टी सुटून गोळा होते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, नाहीतर पट्टीचे तुकडे आत जातात. सुतळी आणि सफेद्याची जुनी रीतही चांगली आहे, हात बसलेला असेल तर. पण सायकलची ट्यूब, साबणाची वडी, लाख, चिंध्या यांपैकी काहीही चालत नाही. हे सांगण्याचा अधिकार मला आता चांगलाच आला आहे.

कॉक बसवताना दांडी कोणत्या बाजूला उघडते तेही पाहावे. तवा, उलथने किंवा पदर अडकून ती उघडेल अशी नको. कॉकपासून शेगडीपर्यंतची रबरी नळीही त्याच दिवशी बदलावी. ती वाकवून पाहिल्यावर चिरा दिसत असतील तर प्रश्नच नाही, पण न दिसल्या तरी जुनी झाली असेल तर मोह धरू नये. दोन्ही टोकांना क्लिप आवळावी, तार नको. तार रबर कापते.

एवढे झाले की घरातला नवा कॉक आणि शेगडीचे कॉक बंद ठेवून बाहेरच्या माणसाला मुख्य कॉक उघडायला सांगावे आणि नव्या कॉकच्या अलीकडचा सांधा फेसाने तपासावा. मग नवा कॉक उघडून पलीकडचा सांधा, दांडा आणि नळी तपासावी. फेस लावून शंभर आकडे मोजावेत. बारीक गळतीचा फुगा सावकाश येतो. सगळे कोरडे राहिले तरी लगेच काडी ओढू नये. पाईपमध्ये आता हवा शिरलेली असते आणि हवा-गॅसचे मिश्रण ज्योतीला आत ओढू शकते. खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास विस्तव नाही हे पाहून शेगडीचा कॉक थोडा वेळ उघडावा, चांगला वास आला की बंद करावा, खोलीतला वास जाऊ द्यावा. मग आधी काडी पेटवून बर्नरजवळ धरावी आणि नंतर कॉक उघडावा. रोजचाही क्रम हाच. आधी काडी, मग कॉक. आमच्या घरी चाळीस वर्षे उलटा चालला होता.

ज्योत निळी आणि बर्नरला धरून राहिली पाहिजे. पिवळी असेल तर हवेची चकती थोडी उघडावी. बर्नरवरून उचलली जात असेल तर थोडी मिटावी. मिणमिणत नाचत असेल तर पाईपमध्ये पाणी साचले आहे.

आता स्वतः काय करू नये ते. संयंत्रापाशी असलेला मुख्य कॉकच खराब असेल तर त्याच्यामागे गॅस अडवायला दुसरे काहीच नाही. टाकीच्या संयंत्रात सगळा गॅस वापरून टाकी तळाला बसवूनच ते काम करता येते आणि घुमटाच्या संयंत्रात तर ते माहितगार गवंड्याकडून किंवा संयंत्र बांधणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. संयंत्रापाशी गॅस सुटतो का ते पाहायला तिथेच पाईपच्या तोंडाला काडी लावून पाहणे म्हणजे विषाची परीक्षा. आणि काही पडले, अडकले म्हणून रिकाम्या केलेल्या विहिरीत किंवा घुमटात माणूस उतरवू नये. पाना पडला तर पडू द्यावा. आत कर्बवायू तळाशी बसलेला असतो, प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणेच बंद होते. उतरलेला माणूस हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. अशा बातम्या दरवर्षी येतात आणि बहुतेक वेळा त्यात सख्खे भाऊ नाहीतर बाप-लेक असतात.

सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि सिलिंडरवरचा वॉल यांना घरी हात लावू नये. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, गोबरगॅससारखा वरच्या झरोक्यातून जात नाही. गळती वाटली तर रेग्युलेटर बंद करून खालची दारे उघडावीत आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो कोणत्याही कंपनीच्या सिलिंडरला चालतो.

आमच्याकडे भिंतीवरचा कॉक नवा आला, रबरी नळी नवी आली, शेगडीच्या दोन कॉकपैकी एक ग्रीसने सुधारला, दुसरा बदलावा लागला. खडूची रेघ पुन्हा मारून पाहिली. दोन्ही सकाळचा फरक बोटभरही निघाला नाही. झोपताना घरातला आणि बाहेरचा, दोन्ही कॉक बंद करायचे, हे काम दादाने स्वतःकडे घेतले आहे. खिडकीला काच अजून बसवलेली नाही. वहिनीच आता नको म्हणतात. त्यांनी वरच्या बाजूला दोन विटा काढून कायमचा झरोका करून घेतला आणि मगच काच आणा म्हणाल्या.

आईच्या भुवया परत येत आहेत. ती पहाटे चारलाच उठते. पण काडीला हात लावण्यापूर्वी वहिनींना हाक मारून विचारते, “अगं, वास येतोय का बघ गं.” वहिनी अंथरुणातूनच ‘नाही’ म्हणत असत. ते चालणार नाही म्हणून त्यांना आता रोज उठावे लागते, आणि याबद्दलची त्यांची तक्रार माझ्याकडे आलेली आहे. त्यावर उपाय मला सुचलेला नाही.

पाईपला उतार किती द्यावा आणि पाणी काढायचा सापळा कुठे बसवावा, हे पुढच्या अंकात.